चालू स्टोअरचे नूतनीकरण: आधी माल मोजा, भिंत मग फोडा

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, गोकाक या पट्ट्यातल्या चेन स्टोअरच्या शाखांचे नूतनीकरण बिघडते ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. मुख्य कार्यालयाकडून छानसे रंगीत चित्र येते, ते बघून फर्निचरची ऑर्डर जाते, मग वायरमन येतो आणि माल कुठे मावणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो. क्रम याच्या नेमका उलटा हवा. खालचे टप्पे साधारण ६,००० चौरस फूट विक्रीची जागा, तळमजला अधिक एक मजला, कपडे आणि घरगुती सामान अशी शाखा धरून लिहिले आहेत. जागा लहान-मोठी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

टप्पा १: तारीख

या भागात काम सुरू करायला सगळ्यात बरा काळ म्हणजे संक्रांत झाल्यावर, आणि संपवायची रेषा म्हणजे गुढीपाडवा, उगादी. मधे नऊ-दहा आठवडे मिळतात. जानेवारीतला सेल उरकलेला असतो, त्यामुळे हलवायचा माल वर्षातला सर्वांत कमी असतो. पावसाने ओल धरलेल्या भिंतीही तोवर वाळलेल्या असतात. गल्लीतल्या जुन्या दगडी इमारतींत हे फार महत्त्वाचे. ऑक्टोबरात पुट्टी लावलेली भिंत डिसेंबरात पापुद्रे सोडते.

पितृपंधरवड्यात काम काढायचा मोह अनेकांना होतो, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसते. पण पंधरा दिवसांत काम संपत नाही, आणि चार दिवस जरी लांबले तरी दसरा हातचा जातो. तेव्हा त्या काळात फार तर रंगकाम उरका.

मुख्य कार्यालय पुण्यात असेल तर आणखी एक गोष्ट त्यांना लेखी कळवा. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या साधारण दोन आठवडे आधी, मे संपता संपता उघडतात. गणवेश, दप्तरे, रेनकोट यांचा हंगाम इथे आधी सुरू होतो. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांचा विभाग पूर्ण करू’ हे पुण्याच्या कॅलेंडरला चालते, इथे चालत नाही.

बाहेरची माणसे कामाला आणणार असाल तर विधिमंडळाच्या अधिवेशनाचा काळ टाळा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटकाचे अधिवेशन भरले की शहरातल्या लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. १ नोव्हेंबरलाही (कर्नाटक राज्योत्सव) मिरवणुका आणि बंदोबस्त असतो, त्या दिवशी गाडी मागवू नका.

टप्पा २: माल फुटात मोजा

हा टप्पा वगळला जातो आणि पुढची निम्मी भांडणे इथूनच निघतात. माल ‘नगात’ मोजलेला संगणकात असतोच. आपल्याला तो धावत्या फुटात, म्हणजे त्याला किती फूट लांब रॉड किंवा फळी लागते त्यात, हवा.

१. प्रत्येक विभागाचा सर्वाधिक साठा कोणत्या तारखेला होता ते काढा. आजचा साठा घेऊ नका. सेल संपलेल्या जानेवारीत मोजलेला माल गणपती-दिवाळीला दीडपट असू शकतो. जानेवारीच्या मापाने बसवलेल्या रॅकमुळे दिवाळीत कार्टन ट्रायल रूममध्ये रचलेली दिसतात.

२. तीन फूट रॉडवर तोच माल हँगरला टांगा. हाताने सहज सरकेल इतकाच भरा, मग मोजा. अंदाज असा: शर्ट, कुर्त्या फुटाला १२ ते १५, ब्लेझर ५-६. जाड कापडाला स्वतः मोजल्याशिवाय आकडा धरू नका.

३. भागाकार करा. कुर्त्या १,८०० नग, फुटाला १२, म्हणजे १५० धावते फूट. भिंतीला दोन मजली रॉड असेल तर ७५ फूट भिंत, रॅकचे एक खण तीन फुटांचे धरले तर २५ खण.

४. घडीचा माल (साड्या, चादरी, टॉवेल) गठ्ठ्यांत मोजा. साडीचा गठ्ठा दहा-बाराच्या वर नेऊ नका. तळातली साडी ओढताना वरच्या सगळ्या घसरतात आणि सेल्समन दिवसभर घड्याच घालत बसतो.

५. बेरीज मांडा. ती सध्याच्या भिंतीत मावत नसेल तर निर्णय आत्ताच घ्यायचा: कोणता विभाग आटवायचा, की गोडाऊन वाढवायचे. चित्र हातात आल्यावर हा निर्णय कोणीच घेत नाही.

तपासा: विभागप्रमुखाची सही या तक्त्यावर आहे का? पुढे ‘मला जागाच दिली नाही’ हे वाक्य नक्की ऐकू येते.

टप्पा ३: जागेचे माप

मुख्य कार्यालयाचा आराखडा सरळ भिंती आणि काटकोन धरून काढलेला असतो. बेळगावच्या गणपत गल्ली किंवा खडेबाजारातल्या इमारतीत काटकोन क्वचितच सापडतो. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासा. भिंतीची लांबी तीन उंचीवर घ्या: जमिनीलगत, कमरेला आणि छताजवळ. तिन्हींत सर्वांत कमी आकडा खरा धरा. चोवीस फूट भिंतीत तीन फुटांचे आठ खण ‘बरोबर’ बसतात असे कागदावर दिसले की समजा ते बसणार नाहीत. खांबांच्या पट्ट्यांची जाडी, गिलाव्याचा फुगवटा, सगळे त्यात जाते. अशा भिंतीत सात खणच घ्या, उरलेल्या जागेत आरसा किंवा जाहिरातीची चौकट बसवा.

याशिवाय नोंदवायचे: खांब आणि तुळया, तुळईखालची खरी उंची, पाण्याचे पाईप, मीटरची जागा, शटरची मोकळी रुंदी, जिन्याचे वळण. जिन्याच्या वळणावरून आठ फुटी पॅनेल वर जात नाही हे ट्रक आल्यावर कळले तर ते तिथेच कापावे लागते.

ओल तपासायची साधी रीत: दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला किंवा जमिनीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा, चोवीस तास ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर त्या भागात आधी ओल थांबवायची, मग पुढचे बोलायचे.

टप्पा ४: आराखडा

आता कुठे आराखडा. मोजमापे अशी धरा:

मुख्य वाट ६ फूट, आतल्या वाटा कमीत कमी ४ फूट. मधल्या जमिनीवरची गोंडोला (सुटे उभे रॅक) साडेचार ते पाच फुटांपेक्षा उंच नको; त्यावर गेली की मागचे विभाग दिसत नाहीत आणि चोरीही दिसत नाही. हँगरचा रॉड भिंतीपासून फूटभर पुढे आणि खणाची खोली दोन फूट, नाहीतर बाह्या वाटेत येतात. ट्रायल रूम साडेतीन बाय चार फूट, त्यातली एक तरी पाच बाय पाच, म्हणजे व्हीलचेअर आत वळेल. दारात पायरी असेल तर उताराचे प्रमाण १:१२. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट उतार लागतो. गल्लीतल्या दुकानांना एवढी जागा पुढे नसते, म्हणून उतार शटरच्या आत काढायचा आणि आराखड्यात पहिल्या दिवसापासून दाखवायचा.

बिलिंगजवळची रांग कागदावर काढा. शनिवार-रविवारी चोर्ला घाटाने गोव्याहून येणारी कुटुंबे एकदम चार-पाच पिशव्या घेऊन काउंटरला येतात. रांग मुख्य वाटेत शिरली की आत येणारा माणूस दारातूनच परततो.

आराखडा पक्का झाल्यावर त्याच मापाचा चुना किंवा टेप जमिनीवर ओढा आणि दोघांनी सामानाची ट्रॉली घेऊन एकमेकांना ओलांडून बघा. अर्ध्या तासाचे काम आहे. चार फुटांची वाट कागदावर ऐसपैस वाटते, पायाखाली वाटत नाही.

टप्पा ५: परवाने, वीज, पाटी

जागामालकाची लेखी संमती, भिंत काढणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि स्थानिक संस्थेची परवानगी: बेळगावात महापालिका, निपाणी-गोकाकला नगरपालिका. कागदांवर शहराचे नाव २०१४ पासूनच्या अधिकृत रूपातच, ‘बेळगावी’ असे लागते. जुन्या भाडेकरारात ‘बेळगाव’ असेल तर दोन्ही नावे एकाच गावाची आहेत असे एक वाक्य नव्या पुरवणी करारात घालून घ्या.

विजेचे गणित आधी करा. हेस्कॉमच्या बिलावर मंजूर लोड छापलेला असतो. ६,००० चौरस फुटांना ढोबळमानाने ४० टन एसी, टनाला १.१ ते १.२ किलोवॅट, म्हणजे ४४ ते ४८. एलईडी दिवे ७-८, बाकी बिलिंग, कॅमेरे, पंप. पासष्टच्या आसपास आकडा जातो. मंजूर लोड ५० असेल तर अर्ज आजच करा. काम संपल्यावर केला तर उद्घाटनाला निम्मे एसी बंद ठेवावे लागतात.

आता पाटी. २०२४च्या कायदादुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर कन्नड मजकूर किमान ६० टक्के हवा आणि तो वरच्या भागात हवा. मराठी, इंग्रजी त्याच्या खाली. मुख्य कार्यालयाचा लोगो बहुधा रोमन अक्षरांत असतो आणि त्याची कन्नड आवृत्ती त्यांच्याकडे नसते. ती पहिल्याच आठवड्यात मागा. पाटी आधी बनवून मग कन्नड ‘बसवायला’ गेलात की पूर्ण चौकट नव्याने करावी लागते.

सावध: छपाईवाल्याकडे फाईल देताना अक्षरे आकृतीत रूपांतरित करूनच द्या. नाहीतर त्याच्या संगणकावर फाँट बदलतो, कन्नडमधले ओत्तक्षर (खाली जोडले जाणारे अक्षर) बाजूला सरकते आणि देवनागरीचे जोडाक्षर हलन्त होऊन फुटते. छापण्यापूर्वी कन्नड वाचणाऱ्या एका आणि मराठी वाचणाऱ्या एका माणसाने नमुना मोठ्याने वाचायचा. ‘ट्रायल’चा ‘ट्‍रायल’ बारा फुटांच्या पाटीवर फार केविलवाणा दिसतो.

आतल्या विभागपाट्या कन्नड, मराठी, इंग्रजी अशा ठेवल्या की सेल्समनचे निम्मे बोलणे वाचते. अक्षराची उंची दर दहा फूट अंतराला एक इंच.

टप्पा ६: मागणी आणि वाहतूक

फरशी ६०० बाय ६०० मिलिमीटर घेतली तर ६,००० चौरस फूट म्हणजे ५५७ चौरस मीटर, १,५४८ नग. तुटफूट आणि काप धरून ७ टक्के वाढवा: सुमारे १,६६०, चारच्या खोक्यात ४१५ खोकी. सगळी एकाच बॅचची, खोक्यावरचा शेड नंबर एकच हवा. जुन्या फरशीवर नवी चिकटवणार असाल तर चिकटद्रव चौरस मीटरला ५ किलो धरून २० किलोच्या १४० पिशव्या.

सावध: एक खोके २८-३० किलोचे असते. ४१५ खोकी म्हणजे बारा टन. ती पहिल्या मजल्यावर एका कोपऱ्यात रचू नका. तीन-चारच्या थप्पीत, खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेवर पसरून ठेवा, आणि रोज लागेल तेवढीच वर चढवा. जुन्या फरशीवर नवी बसवल्याने मजल्यावर कायमचे वजन वाढते, हेही इंजिनिअरला आधी विचारा.

प्लायवूड आयएस ७१० दर्जाचे (पाण्याला टिकणारे) घ्या, निदान जमिनीला लागणाऱ्या खालच्या फूटभर भागात तरी. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात साध्या प्लायच्या कडा पोछ्याच्या पाण्याने फुगतात.

रॅकच्या खांबांना भोके २५ मिलिमीटरवर आहेत की ५० वर, ते ऑर्डरवर लिहून घ्या. जुने ब्रॅकेट वापरायचे असतील तर एक नमुना कारखान्याला पाठवा. दोन कंपन्यांचे हूक दिसायला सारखे असतात, बसत नाहीत. कमी पडलेले ब्रॅकेट उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला फॅब्रिकेटर बनवून देतो, पण त्यालाही नमुना हातात हवा.

पुण्याहून माल येणार असेल तर ५० हजारांवर ई-वे बिल लागते. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुणे-बेळगाव साडेतीनशेच्या आत, म्हणजे दोन दिवस. बिल शाखेच्या कर्नाटकातल्या, २९ ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकावर आहे ना ते बघा. २७ च्या क्रमांकावर फाडले गेले की करपरताव्याचा घोळ वर्षभर पुरतो. गवंडीकामाचे बिल आणि सुट्या रॅक-दिव्यांचे बिल वेगवेगळे घ्या, दोन्हींचे कराचे नियम वेगळे आहेत.

मोठा कंटेनर बाजारपेठेत शिरत नाही. शहराबाहेर उतरवून छोट्या हत्तीने आणायचा, तेव्हा भाडे आणि हमाली अंदाजपत्रकात धरा. पावसाळ्यात गाडी काढावीच लागली तर चार दिवस हाताशी ठेवा. २०१९ आणि २०२१च्या पुरात हा महामार्ग बंद पडला होता.

टप्पा ७: दुकान चालू ठेवून काम

जागेचे चार कप्पे करा आणि एक कायम रिकामा ठेवा. मुलांच्या सरकत्या सोंगट्यांच्या खेळासारखे आहे हे: रिकामी जागा नसेल तर काहीच हलत नाही. ‘तीन कप्पे चालू, एक बंद’ असे म्हणत बंद कप्प्यातला माल उरलेल्या तिघांत कोंबला जातो. तो कोंबायचा नाही, गोडाऊनला किंवा जवळच्या शाखेला न्यायचा.

बंद कप्प्याचा आडोसा छतापर्यंत, फटी टेपने बंद, आणि आतली हवा मागच्या बाजूला बाहेर फेकणारा पंखा. पंखा नसेल तर आडोसा असूनही धूळ साड्यांवर बसते. फरशी बाहेर किंवा पाणी सोडत कापायची. बाहेर जायची कोणतीही आपत्कालीन वाट आडोशामागे जाऊ देऊ नका.

धूर ओळखणाऱ्या सेन्सरवर रात्री कामाची धूळ जाऊ नये म्हणून टोप्या घालतात. त्या सकाळी काढल्याची सही रोज घ्या. वेल्डिंग शक्यतो बाहेर. आतच करावे लागले तर शेजारी अग्निशामक, आणि काम संपल्यावर एक तास माणूस तिथेच बसलेला हवा. कापडात ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसते.

टप्पा ८: छत. इथे क्रम मोडला की परत फोडावे लागते

१. जुने फॉल्स सीलिंग काढा, जुन्या वायरी मुळापासून काढा. ‘राहू दे, चालतेय’ म्हणून ठेवलेली वायर पुढे कोणाचीच नसते.

२. एसीचे पाईप. नायट्रोजन भरून २४ तास दाब टिकतो का बघा.

३. पाणी जायचा पाईप. १०० ला किमान १ उतार. प्रत्येक युनिटच्या ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना बघा. ही चाचणी छत बंद करण्याआधीच. टपकणारा पाईप नेहमी महागड्या साड्यांवरच टपकतो. खरे कारण इतकेच की तो विभाग बहुधा सर्वांत आत, पाईपच्या सर्वांत लांब टोकाला असतो आणि तिथे उतार संपलेला असतो.

४. स्प्रिंकलर असतील तर त्यांचे पाईप. त्यांच्याखाली दीड फूट जागा मोकळी राहील अशा बेताने वरची फळी ठरवा.

५. वायरिंग: दिव्यांना १.५, सोळा अँपियरला २.५, एसीला ४ चौरस मिलिमीटर तांबे हे किमान; मोठ्या युनिटला लोड काढून ठरवा. बिलिंगला यूपीएसची वेगळी ओळ. डेटाची वायर विजेपासून फूटभर दूर. प्लगच्या ओळींना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

६. कॅमेरे, स्पीकर यांच्या वायरी.

७. प्रत्येक पट्ट्यात मोजपट्टी अंथरून फोटो. सहा महिन्यांनी याचाच उपयोग होतो.

८. मगच जिप्सम. एसीच्या प्रत्येक युनिटखाली दोन बाय दोनचे उघडणारे झाकण. चित्रात दिसत नाही म्हणून ते वगळतात, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला छताला भोक पडते.

दिव्यांची जागा छतावरून नाही, रॅकवरून ठरते. छत दहा फुटांवर आणि माल डोळ्याच्या उंचीला पाच फुटांवर असेल तर उभ्या रेषेशी ३० अंशांच्या कोनाला दिव्यांचा ट्रॅक खणाच्या तोंडापासून सुमारे ३ फूट पुढे येतो. दिवा रॅकच्या डोक्यावर आला तर फळीचे वरचे कापड उजळते आणि खालचे काळोखात जाते. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० चे दिवे कपड्यांना. आकडा त्याहून कमी असला तर अबोली आणि गुलाबी एकच दिसतात, आणि साडी उन्हात नेऊन बघायला गिऱ्हाईक दारात उभे राहते.

टप्पा ९: फरशी, रंग

छताचे काम संपल्यावर फरशी. उलट केले तर शिडीचे पाय नव्या फरशीवर. जुनी फरशी काठीने ठोकून बघा, पोकळ आवाज येईल ती काढून टाका. नवी बसवल्यावर २४ तास पाय नको आणि भरलेले रॅक आठवडाभर नकोत. रंगाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही: भिंत कोरडी, पुट्टीचे दोन हात, रंगाचा शेवटचा हात रॅक बसल्यावर.

टप्पा १०: रॅक आणि माल

खडूच्या रेषा आराखड्यावरून मारा, लेव्हल लावून खांब उभे करा, भिंतीचे खण वरून भिंतीला पक्के करा. प्रत्येक फळी वर उचलून बघा. हूक पूर्ण बसला नसेल तर ती सहज निसटते. लॅमिनेट आणि रंगाचा वास गेल्याशिवाय कापड भरू नका, निदान दोन दिवस पंखे चालू ठेवा. सुती कापड वास धरते आणि धुतल्याशिवाय सोडत नाही.

भरायचे मागून पुढे. शेवटी दिवे वळवायचे, तेही माल भरल्यावर, दुकान बंद झाल्यावर, शिडीवर एक आणि गिऱ्हाईक उभे राहते तिथे एक माणूस ठेवून. मग जनरेटरवर पूर्ण दुकान एक तास चालवा आणि प्रत्येक काउंटरवर चाचणीची दहा बिले काढा.

टप्पा ११: त्रुटींची यादी आणि राखीव रक्कम

लाल टेपचा तुकडा, त्यावर क्रमांक, वहीत त्याच क्रमांकाला कोणाचे काम आणि कधीपर्यंत. तोंडी सांगितलेली त्रुटी ही त्रुटी नसते. पैसे देताना दहा टक्के राखून ठेवायची रीत आहे. करारात ती साठ दिवसांची असते. मार्चात संपलेल्या कामाला ती मे महिन्यात संपते, आणि दर्शनी पॅनेलच्या सांध्यातले पाणी दिसते जूनच्या शेवटी. म्हणून दर्शनी भाग आणि गच्चीवरून येणारे पाईप यांची रक्कम वेगळी काढून १५ जुलैनंतर द्यायची, असे करारातच लिहा. काम ताब्यात घेताना पाण्याचा पाईप लावून दर्शनी भागावर अर्धा तास धार मारायची, खालून वर, एकेक सांधा. त्या वेळी आत छताजवळ टॉर्च घेऊन एक माणूस उभा करा.